वाकड्या ओढ्याचा सिनेटर

३० ऑगस्ट
धनुर्धारी क्लबची सभा. हजर : मी (अध्यक्ष), खजिनदार आणि खजिनदाराचा कुत्रा. बातमी वाईट आहे. वन्यजीव खात्याने हेलिकॉप्टरमधून वाकड्या ओढ्याकाठची एल्क हरणं मोजली. माद्या भरपूर, मोठ्या शिंगांचा नर एकही नाही. म्हणून पुढच्या वर्षापासून तिथल्या धनुष्याच्या शिकारीचे परवाने सोडतीने. एकोणीस तारखेला सुनावणी.
मी एकाहत्तर वर्षांचा. सोडतीत माझं नाव निघेपर्यंत मी मातीखाली गेलेला असेन. माझा ओढा मी असा सोडणार नाही.
संकल्प : सुनावणीच्या आत एक नर टिपून दाखवायचा, तोही आमचे नियम पाळून. तीस पावलांपलीकडे बाण नाही. जनावर पुरतं दिसल्याशिवाय बाण नाही. आवाजावर किंवा हलत्या झुडपावर तर कधीच नाही. नियम मीच केलेत, तेव्हा पाळायला सोपे.

२ सप्टेंबर
शेजारी मिलो कुंपणापलीकडे नेम धरत होता. चाकं, दुर्बिणी, लोलक लावलेलं ते यंत्र; त्याला धनुष्य म्हणायचं तर माझ्या ट्रॅक्टरला घोडा म्हणावं लागेल. हे मी मार्चमध्ये भरसभेत म्हणालो म्हणून तो क्लब सोडून गेला. त्याआधी बरीच वर्षं आम्ही शिकारीला एकाच गाडीतून जायचो. आता त्याचा वेगळा क्लब आहे : तो आणि त्याचा मेहुणा. मला काही फरक पडत नाही. दिवसभर पडला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार
हंगामाचा पहिला दिवस. पहाटे ओढ्यावर. नळी तोंडाला लावून माजावरच्या नरासारखी हाक दिली. आणि खिंडीपलीकडून उत्तर आलं. लांब शीळ, जरा घोगरी, शेवटी तीन हुंकार. हेलिकॉप्टरवाल्यांनो, ऐका. मी सरकलो, तो सरकला. मग गप्प. वारा फिरला असावा.
त्याचं नाव सिनेटर ठेवलं. बोलतो खूप, समोर येत नाही.
मध्येच तो खोकल्यासारखा वाटला. अर्डिसला सांगितलं. बायकोला सगळं सांगू नये. म्हणाली, एल्क खोकतात होय रे? मी म्हणालो, वय झालं की खोकतात. धूळ असते.

७ सप्टेंबर, रविवार
चर्चला दांडी मारून ओढ्यावर. हाका मारून घसा बसला. सिनेटर गप्प. घरी आलो तर अर्डिस म्हणाली, तुझा सिनेटर तुझ्यापेक्षा भाविक दिसतो. वर हेही ऐकवलं की आज मिलोने भजनात सूर पार घालवला, खोकल्याने बेजार आहे बिचारा, ॲपल-पाय घेऊन जाते त्याच्याकडे. तो ॲपल-पाय माझ्यासाठी केला होता. शिकाऱ्याने हलकं राहावं, म्हणून मी तक्रार केली नाही. फक्त दोनदा.

१० सप्टेंबर
आज झालंच असतं.
सिनेटर वीस पावलांवर. झुडपात तपकिरी काहीतरी वाकलं, हललं. मी दोरी कानापर्यंत ओढली. पण दिसत होता फक्त तपकिरी तुकडा, ताटाएवढा. डोकं नाही, पाय नाहीत. नियम म्हणतो, पुरतं जनावर. हा नियम करणाऱ्या गाढवाला मी मनात लाखोली वाहिली आणि मग तो मीच हे आठवलं. दोरी सैल सोडली. डहाळी मोडली, सिनेटर पसार.
जाताना कॉफीचा वास आला. माझ्याकडे चहा होता. खालच्या गुरांच्या रँचवरून आला असेल, वारा काय काय आणतो.

१३ सप्टेंबर
नियमात दुरुस्ती सुचवणार : 'अर्धं जनावर दिसलं तरी चालेल.' अर्डिसला वाचून दाखवली. विणकामातून मान वर न करता म्हणाली, कुठलं अर्धं?
ठराव तहकूब.

१६ सप्टेंबर
पाऊस. गुडघा दुखतो, तरी गेलो. सिनेटर आला नाही. पावसात बाहेर न पडणारा एल्क मी आयुष्यात पाहिला नाही. किती हुशार जनावर असेल!
आता तो हाती लागेलसं वाटत नाही, पण त्याने बिघडत नाही. मेलेल्या नरापेक्षा जिवंत नराचा पुरावा मोठा. सुनावणीत सांगणार, की माझी त्याच्याशी ओळख आहे. त्याच्या आवाजाची नक्कलही करणार. आरशासमोर सराव केला. अर्डिस दार लावून बहिणीकडे गेली.

२० सप्टेंबर
काल सुनावणी झाली. लिहायचं मनात नव्हतं.
हॉल भरलेला. मी उठलो, शिकारीच्या धर्मावर बोललो, चांगलं बोललो. मग म्हणालो, ओढ्यात मोठा नर आहे, रोज पहाटे माझ्याशी बोलतो.
मागून मिलो उठला. खरं आहे, म्हणाला, मीपण रोज ऐकतो त्याला. मार्चनंतर पहिल्यांदा आमचं एकमत. माझा ऊर भरून आला.
खात्याची जीवशास्त्रज्ञ, रेनी नावाची शांत बाई, तिने विचारलं, आवाज कसा आहे त्याचा? मी नळी काढली आणि सिनेटरची हाक हुबेहूब दिली, घोगरी शीळ, तीन हुंकार. मिलो म्हणाला, छे, असा नाही, माझा नर शेवटी सूर वर नेतो. त्याने त्याची नळी काढून दाखवलं. तो सूर मी चाळीस वर्षं वर नेत आलोय. आणि वाजवून झाल्यावर मिलो खोकला.
हॉलमधल्या सगळ्या माना आमच्या दोघांकडे वळल्या. मग खजिनदाराचा कुत्रा भुंकला.
रेनीबाई सुनावणीच्या अध्यक्षांना म्हणाल्या, आमची चूक झाली, मोजणीत दोन म्हातारे नर सुटले होते. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. सोडत मंजूर झाली. एकही मत विरोधात नाही.
बाहेर मिलो माझ्या पिकअपला टेकून उभा होता. त्याने विचारलं, मागच्या आठवड्यात बुधवारी झुडपापाशी वीस पावलांवर कोण होतं रे? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, मी वाकून कॉफी ओतत होतो.
मी गाडीच्या टायरला लाथ मारून पाहिली. हवा ठीक होती.
मग तो म्हणाला, त्याच्या आदल्या दिवशी तुझी टोपी माझ्या नेमात होती, लेका. नुसती टोपी, म्हणून सोडली. मी म्हणालो, तू तर क्लब सोडलास. तो म्हणाला, क्लब सोडला, नियम घरी घेऊन गेलो.
मी म्हणालो, तुझं धनुष्य चांगलं आहे. यंत्र म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार
संकल्प : सोडतीत भाग घ्यायचा नाही. स्वाभिमान आहे की नाही?
दुपारी समजलं, अर्ज शेजाऱ्याबरोबर जोडीने करता येतो. केला.
संध्याकाळी परसात नळी पुसत होतो. सहज वाजवली. कुंपणापलीकडून उत्तर आलं. घोगरी शीळ, तीन हुंकार, खोकला. अर्डिस खिडकीतून म्हणाली, उत्तर देत बसू नकोस, सूप निवतंय.
सूप गारच प्यायलो.