चारशे बारा पहिले शब्द

प्रिय ठोंब्या,

दोन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. मीच दमले आहे. चार दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि दोष द्यायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

बाबांचा जुना कॉम्प्युटर मान टाकायला लागला, तेव्हा त्यांचा तो अवाढव्य फोल्डर नव्यावर न्यायचं मी अंगावर घेतलं. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यात त्यांनी तेवीस वर्षं घालवली आणि प्रत्येकाचा पहिला शब्द व्हिडिओत टिपून ठेवला, हे तुला मी काय सांगावं! एकेक फाइल उचलत कोण बसणार? म्हणून स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला कामाची चिठ्ठीच: प्रत्येक मुलाच्या कप्प्यातली फाइल काढ, नव्या कॉम्प्युटरवर एका जागी ठेव, जुनी पुसून टाक. नऊ तास यंत्र घरघरत होतं. शेवटी पडद्यावर आलं, चारशे बारा फाइली नेल्या. मी स्वतःवरच खूश झाले.

उघडून बघते तर आत एकच फाइल. बाबांची शिस्त मी विसरले होते. कप्प्यावर मुलाचं नाव, पण आतल्या फाइलचं नाव सगळीकडे एकच, ‘पहिला शब्द’. एकाच नावाच्या फाइली एका जागी ठेवत गेले, आणि प्रत्येक नवी फाइल आधीचीला गिळत गेली. उरली ती शेवटची. दात पडलेली एक मुलगी खोकते आणि ‘पाणी’ म्हणते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! दुरुस्तीवाल्याकडे दोन खेपा घातल्या, त्यानेही हात वर केले.

येत्या रविवारी ती मुलं, आता चांगली बाप्ये-बाया झालेली, आपला पहिला शब्द बघायला येणार आहेत. बाबांनी खुर्च्यासुद्धा सांगून ठेवल्यात. काल मी त्यांना सगळं कबूल केलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तू घर सोडलंस त्या दुपारी, कुणाला न विचारता तो फोल्डर कॉपी करून घेतलास, आणि मी बाबांपुढे तुला चोर म्हणाले. त्यात तुझाही पहिला शब्द आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकले रे मी. काल बाबाच म्हणाले, त्याच्याकडे असेल. मी म्हटलं, लगेच पाठवायला सांगते. तर म्हणाले, पाठवायला नको, घेऊन यायला सांग.

तुझीच,
ताई