पुण्यवानाची झोप

कुकटपल्ली,
१० जून २०२४

ती. आईंना, त्रिवेणीचा सा. न. वि. वि.

मी फोन केला की तुम्ही तो उषावन्संच्या हातात देता, म्हणून लिहितेय.

परवा कारखान्यातून येताना मूसापेटच्या सिग्नलजवळ विकासला गाडी चालवताना झोप लागली. संध्याकाळचे सहा, भर गर्दी, आणि हा माणूस झोपला. गाडी दुभाजकावर चढली, खांद्याजवळचं हाड मोडलं. मागच्या बसवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आता माझा राग ऐका. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट मी तुम्हाला वाचून दाखवला होता. झोपेत त्याचं तोंड उघडं पडतं, जीभ मागं घसरून घसा बंद करते आणि श्वास थांबतो. तासाला बेचाळीस वेळा. रात्रभर गुदमरलेला माणूस दिवसा डुलक्या घेणार नाही तर काय करणार? बीपीसुद्धा त्यानंच वाढलंय म्हणतात. म्हणून मास्कमधून हवा सोडणारं ते मशीन महिनाभर वापरून बघायला आणलं. आठ दिवस तो नीट झोपला, सकाळी हसत उठला. आणि मी ऑफिसला गेलेली बघून, मास्कचा पट्टा बदलायला आलेल्या माणसाच्या हातात तुम्ही सगळं मशीनच देऊन टाकलंत. वर सांगितलंत, पेशंट बरा झाला. मग बॅग भरून लेकीकडे दिलसुखनगरला.

विकास म्हणतो, राहू दे, आईला बोलू नकोस. तो तुमचा मुलगा आहे, त्याला जमतं. मला जमत नाही. असं का केलंत, एवढं मला कळलं पाहिजे.

रागातसुद्धा नमस्कार चुकवला नाही, तो पोचावा.
त्रिवेणी


दिलसुखनगर,
१४ जून

चि. सौ. त्रिवेणीस, चतुराबाईचे आशीर्वाद. मी सांगायले, उषा लिहायली.

लेकराचं हाड मोडल्याचं कळल्यापासून घास गिळवत नाही. आणि त्यावर तुझं हे असलं पत्र. सासूला जाब विचारायची ही कुठली रीत?

मशीन परत दिलं. हौ, मीच दिलं. जित्याजागत्या पोराच्या तोंडावर नळी बांधून निजवायलीस, दवाखान्यात शेवटचे श्वास मोजायला ठेवल्यासारखं. मला बघवत नाही. घोरणं हा काय आजार आहे? आपल्या घरात गडीमाणसं घोरतातच. विकासचे वडील घोरायचे ते विद्यानगरच्या घरी पार तिसऱ्या दारापर्यंत ऐकू जायचं. आणि गेले कसे? दुपारी जेवून पडले ते झोपेतच गेले. कुणाची सेवा घेतली नाही, हूं की चूं केलं नाही. सतरा वर्षं झाली, अजून श्राद्धाला बाया माझ्या पाया पडतात, म्हणतात पुण्यवानाचं मरण, आमच्या माणसालाही असंच येऊ द्या. अशा माणसाच्या पोराला तू रोगी ठरवायलीस.

डॉक्टरनं म्हणे जिभेचा व्यायामही सांगितलाय. जीभ टाळूला लावायची, ओठ मिटायचे, नाकानं श्वास घ्यायचा. तेवढं करू दे त्याला. नळी नक्को. उगी परेशान करू नको.

जरा जपून लिहीत जा. माया आहे ती आहेच.
चतुराबाई


कुकटपल्ली,
१९ जून

ती. आईंना, सा. न. वि. वि.

व्यायाम चालू आहे. रोज सकाळी आरशासमोर जीभ टाळूला दाबून बसतो, ओठ मिटून चालायला जातो. डॉक्टर म्हणाल्या, सवय चांगली आहे, सोडू नका, पण एवढ्या दुखण्याला ती पुरायची नाही.

पुढचं लिहू नकोस असं विकासनं बजावलंय. तरी लिहितेय. मामंजींचं सगळं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. घोरणं, मध्येच एकदम गप्प होणं, मग दचकून श्वास ओढणं, ताटावर बसल्या बसल्या डुलकी. त्या म्हणाल्या, आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण हाच आजार असावा. आई, ते चौपन्न वर्षांचे होते. ते पुण्यानं गेले नाहीत. त्यांचा श्वास बंद पडला असणार आणि कुणी बघायला नव्हतं.

विकास चाळीस वर्षांचा आहे. त्या बायका पाया पडल्या की तुम्हाला गोड वाटतं, म्हणून मी कपाळ पुसून बसू का? तसलं पुण्य मला माझ्या घरात नको आहे.

शनिवारी मशीन परत येतंय. या वेळी त्याला हात लावलात, तर तुम्ही आणि मी एका छपराखाली राहणार नाही. हे मी रडत लिहीत नाही, शुद्धीवर लिहितेय.

लोभाचं नंतर बघू.
त्रिवेणी


दिलसुखनगर,
२४ जून

चि. सौ. त्रिवेणीस, आशीर्वाद.

हे माझ्या हातचं आहे. उषा बाजारात गेलीय. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच, पण तूच वाच.

तुझा लई राग आला. पत्र फाडायला घेतलं होतं. कुणी बघायला नव्हतं, असं तू लिहिलंस. तिथंच हात थांबला.

बघायला मी होते. ते गप्प झाले की मी कोपरानं ढोसायचे, मग श्वास परत यायचा. एकतीस वर्षं हेच केलं. आजाराचं नाव ठाऊक नव्हतं, पण ढोसलं नाही तर हा माणूस परत यायचा नाही एवढं कळत होतं. दुपारीसुद्धा ते पडले की मी शेजारी तांदूळ निवडत बसायचे.

त्या दिवशी उषाच्या स्थळावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आज किती घोरायचं ते घोरा, मी येत नाही. आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून घोरणं ऐकू येत होतं. मग थांबलं. मला कळलं ग. तरी वाटलं, जागे झाले असतील, आधी त्यांनी हाक मारू दे. मी अर्धा तास उठले नाही.

लोक आले, पुण्यवान म्हणाले. मी तो शब्द धरून बसले. सोडला असता तर दुसरं काय उरलं असतं? बाया पाया पडतात तेव्हा गोड वाटत नाही, पाय ओढून घ्यावेसे वाटतात. विकासला मशीन लावून शांत निजलेलं बघितलं आणि माझा जीव जळाला. असं सुद्धा वाचवता येतं माणसाला, हे मला सोसलं नाही. म्हणून दिलं काढून. माझ्या पापापायी पोराला मारत होते.

उषाला यातलं काही सांगू नको. तिच्या स्थळाचं ऐकलं तर ती स्वतःला दोष देईल. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी माझी तक्रार नाही. माया ठेव म्हणायला मला जागा नाही, तरी म्हणते.

आणि एवढं ऐक. नवरा-बायकोत भांडणं होतात. तुमचंही होईल. कितीही राग आला तरी त्याला मास्क लावल्याशिवाय खोलीबाहेर जाऊ नकोस.

चतुराबाई