न दुखणारा पाय

बाबा, तुझ्या पायाविषयी लिहायला बसले की मला आधी मळमळतं. इतकी वर्षं झाली. मी आता उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, रोज कुणाची ना कुणाची जखम धुते, पू पुसते, पोरांची खरूज बघते आणि दुपारी हात स्वच्छ धुऊन तिथेच बसून बांगड्याचं तिखलं नि भात जेवते. हिला कशाची किळस येत नाही, असं सोबतच्या बायका कौतुकाने सांगतात. मी हसते. मला किळस येते, बाबा. पण ती जखमांची येत नाही फारशी. माणसांची येते, आणि कधीकधी माझी स्वतःची.

तुझ्या पायांचं केवढं कौतुक होतं घरात! तू आंब्याकाजूची कलमं बांधायचास. भर मे महिन्यात, उन्हाने तापून काळा झालेला कातळाचा सडा आम्ही चपला घालूनसुद्धा पळत ओलांडायचो आणि तू डोक्यावर रोपांची टोपली घेऊन अनवाणी, सावकाश, विडी ओढत यायचास. शेजारची म्हातारी म्हणायची, "ह्येचे पाय नाय ते, कातळ आसत कातळ." तू हसायचास. "माका चटको लागणा नाय," म्हणायचास. मी शाळेत मुलींना सांगत फिरायचे की माझा बाबा निखाऱ्यांवरूनसुद्धा चालेल. ज्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही तो बलवान नसतो, आजारी असतो, हे त्या अख्ख्या वाडीत एकालाही माहीत नव्हतं. आता मी हेच वाक्य गावोगावच्या शाळांत, देवळांच्या सभामंडपांत उभी राहून सांगते. सांगताना मागे बसलेला एखादा म्हातारा हटकून हसतो आणि अभिमानाने आपले फुटलेले तळवे शेजाऱ्याला दाखवतो. त्याचा कान धरून त्याला उठवावंसं वाटतं मला.

दहावी पास झाले तेव्हा तू मला कुडाळच्या बाजारात नेलंस आणि चपला घेतल्यास. निळ्या पट्ट्यांच्या, जाड तळाच्या. दुकानदार तुझ्या पायांकडे बघून म्हणाला, "तुमकाय एक जोड दाखवू काय?" तू म्हणालास, "माका नको. माझे पाय चपलेत गुदमरतत." मग येताना एसटीत मला खिडकीपाशी बसवून तू पिशवीतून गुळाचा खाजा काढलास आणि एकट्याने संपवलास, बोटं चाटत. आदल्याच महिन्यात शाळेतल्या शिबिरात नर्सने तुझ्या बोटाला सुई टोचून रक्तात साखर असल्याचं सांगितलं होतं. रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. ते बोट चाटणं मला तेव्हा आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तू लहान मुलासारखा दिसत होतास, आणि मी तुझी आई असते तर तुझ्या हातातला खाजा काढून खिडकीतून भिरकावून दिला असता.

गोळ्या तू दोन महिने घेतल्यास. मग तुझा चुलतभाऊ आला. आम्ही त्याला काका म्हणायचो. ओटीवर बसून, पानाची पिंक अंगणात जास्वंदीच्या मुळाशी टाकत त्याने तुला ज्ञान दिलं. "इंग्लिश औषधान किडनी जातली. माझो काढो घे. साखर म्हणजे काय, ता रक्त तापलेला असता." रोज सकाळी तू नाक मुरडून तो हिरवा काढा प्यायचास आणि वर चहा. त्यात दोन चमचे साखर, कारण काढ्याने तोंड कडू व्हायचं. आई काही म्हणाली तर काका तिला म्हणायचा, "वैनी, तुमका काय कळता?" आईला कळत होतं. तिला तुझं सारखं पाणी पिणं, रात्री चारचारदा उठणं, वाळत चाललेलं अंग सगळं दिसत होतं. पण घरात आलेल्या दिराला गप्प करायची रीत तिला कोणी शिकवली नव्हती.

पुढच्या मे महिन्यात तुझ्या उजव्या टाचेला फोड आला. कधी भाजलं ते तुलाच ठाऊक नव्हतं. फोड फुटला, तू त्यावर माती लागू दिलीस आणि कलमं बांधत राहिलास. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर तू वाचला असतास. मी हे लोकांना अगदी याच शब्दांत सांगते. रोज संध्याकाळी तळवे बघा, दिसत नसतील तर आरसा धरा, नाहीतर घरातल्या कुणाला बघायला सांगा. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चपला घालायच्या आधी झटकून बघा. कुरूप ब्लेडने कापू नका. साधा ओरखडा असला तरी त्याच दिवशी दाखवा. लोक माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जाऊन फोनवर आलेले जांभळाच्या बियांच्या चूर्णाचे उपाय एकमेकांना पाठवतात. ते पाठवणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण आहे सांगू? काका. ऐंशी ओलांडली त्याने. मुंबईच्या मुलाने घेऊन दिलेला फोन आहे, आणि त्याच मुलाने पाठवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या तो सकाळ-संध्याकाळ न चुकता घेतो. इंग्लिश गोळ्या. मी स्वतः त्याचा दाब तपासते. हाताला पट्टा बांधताना त्याच्या तोंडाचा पानाचा वास येतो आणि मी श्वास रोखून आकडे वाचते. चांगले असतात त्याचे आकडे.

तुझ्या जखमेवर त्याने पाला लावला होता. हळद, चुना, कसलीशी राख आणि वाटलेली पानं. "डाक्टरकडे गेलंस तर कापतले. माझ्या पाल्यान आठ दिसात खपली धरतली." खपली धरली खरी, वरून. एके सकाळी आईला ताप होता म्हणून तो लेप बदलायचं माझ्यावर आलं. तू मागच्या दारी पायरीवर बसला होतास, पाय माझ्या पुढ्यात. मी कोमट पाण्याने तो सुकलेला हिरवा थर सोडवला आणि तो एका तुकड्यात निघाला, फणसाच्या सालीसारखा. आत टाच नव्हती. आत राखाडी, ओलं, हलणारं काहीतरी होतं. किडे होते बाबा, पांढरे, तांदळाएवढे. मी उठले, माडाच्या आळ्यात जाऊन ओकले, परत येऊन बसले आणि पुन्हा उठले. तू पायाकडे बघितलंच नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास. म्हणालास, "चेडवा, तू भायर जा. तुझी आवस करतली मगे." रागावून नाही. कुणाच्या घरी नको त्या वेळी गेलेला पाहुणा जसा ओशाळून बोलतो, तसा.

त्यानंतर सगळं भराभर झालं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून तालुक्याला, तिथून गोव्याला. गुडघ्याखाली पाय कापला, पण विष रक्तात गेलं होतं. अकराव्या दिवशी तू गेलास. भेटायला येणारा प्रत्येकजण केळी आणि पेढे घेऊन येत होता. साखरेने मरणाऱ्या माणसाच्या उशाशी पेढ्यांचे पुडे. तेराव्याला काकाने वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ तीनदा वाढून घेतली आणि हात धुताना आईला म्हणाला, "आयुष्य तितक्याच होता त्येचा." मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्याच्या हातावर तांब्यातून पाणी मीच ओतत होते.

आई पुढे त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मी नर्सिंगला गेले. लोकांना वाटतं सेवाभावाने गेले. मी रागाने गेले.

काल काय झालं ते सांगते. घरोघरी फिरत होते, साखर तपासायला. कुडाळच्या रस्त्याला लागून एक घर आहे, तिथला माणूस काजूच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. तुझ्याच वयाचा, म्हणजे तू गेलास त्या वयाचा. ओटीवर खुर्चीत बसला होता, पायावर टॉवेल. बारावीतली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी, ओढणीचं टोक नाकाशी. मी पायरीवरच थांबले. मला विचारावं लागलं नाही. "टॉवेल काढा," म्हटलं. तो हसला. "कायेक नाय ओ बाई, भट्टीकडे वायच भाजला. दुखणा पण नाय." मी टॉवेल ओढला. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि त्यावर, बाबा, पाला होता.

मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आरोग्यसेविकेने असं बोलायचं नसतं. मुलीने बोलावलं तशी त्याच कारखान्यात काम करणारी त्याची बायको धावत आली. "रिक्षा बोलवा, आत्ता. उद्या नाही, जेवून नाही, आत्ता," म्हटलं. तो म्हणाला, "कापतले ते." मी म्हटलं, "हो, दोन बोटं कापतील. आठवड्याने गेलात तर पाय कापतील. महिन्याने गेलात तर तुमच्या तेराव्याला मी जेवायला येईन." बायकोने तोंडावर हात धरला. तो उठला.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी बघितलं. बोटं जातील, पाय राहील असं म्हणाले. आज सकाळी फोन आला, बोटं काढली, ताप उतरला. तो वाचला, बाबा. अशी बातमी आली की मला बरं वाटायला हवं. वाटलंही, थोडा वेळ.

पण काल तिथे बाकावर ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मग खाली बघत म्हणाली, "बाई, माका वास येय होतो. चार दिस झाले. मी बोलूक नाय. माका किळस येय होती त्येंची, म्हणून मी जेवणसुद्दा आतच घेय होतंय." आणि मग रडत, "माझ्यामुळे झाला काय हां?"

मी नर्स सांगते तसं सांगितलं. नाही गो, तुला कसं कळणार, मोठ्या माणसांना कळलं नाही. पाठीवरून हात फिरवला. तिने डोळे पुसले आणि विचारलं, कारण येताना रिक्षात मी तुझ्याबद्दल बोलले होते, "तुमच्या बाबांच्या टायमाक तुमका वास इलो नाय?"

मी म्हटलं, "मी तेव्हा घरी नव्हते. कुडाळला शिकायला होते."

ती "हां" म्हणाली आणि माझ्यापासून थोडी सरकून बसली. वास येऊनही गप्प राहिलेली मुलगी जगात ती एकटीच उरली.

काकाचा राग मी इतकी वर्षं नीट जपला, तो काही खोटा नाही. त्याची किळस येते ती खरीच आहे. पण ती पुढे केली की मागचं कुणाला दिसत नाही, मलासुद्धा नाही. हा कागद पाठवायला पत्ता असता तरी मी पाठवला नसता. त्या मुलीला मात्र उद्या भेटायला जाणार आहे, आणि तिला काय सांगायचं ते आधी तुला सांगून बघते.

मी घरीच होते, बाबा. तो लेप काढायच्या आधी नऊ दिवस मला वास येत होता. आईने वास कसला म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, सुकत घातलेल्या मासळीचा असेल. आणि जेवताना माझं पान तुझ्या शेजारून उचलून मी चुलीपाशी नेलं. तू विचारलंस, "थय कित्याक बसतंस गो?" मी म्हटलं, "हय वारो येता."