शून्यचूक सत्तर

ता. ५ जानेवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटलं. पण इतकी वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून तू सगळ्या वॉर्डाला पळवलंस, तेव्हा गुडघ्याने कधी तरी संप करायचाच. मी फोन का उचलत नाही, असं विचारतेस. एक तर फोनवर बोलणं म्हणजे सहीशिक्क्याशिवाय बोलणं, ते मला पटत नाही. दुसरं म्हणजे माझा आणि तुझ्या वहिनीचा, दोन्ही फोन सध्या कामावर आहेत. गाडीच्या कामावर.

झालं असं की जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबाची सभा होती. अध्यक्ष या नात्याने मी बोलून खाली बसलो, तोच तो दातांचा डॉक्टर उठला आणि म्हणाला की अध्यक्षांची गाडी चालत असताना जेवढी वेगवान दिसते, त्याहून उभी असताना जास्त दिसते. लोक खो खो हसले. जी गाडी वडिलांनी माझ्या जन्माआधी घरात आणली, जिला आपण दोघं लहानपणापासून थोरली म्हणतो, तिच्यावर हा माणूस तोंड टाकतो! मी तिथल्या तिथे आव्हान दिलं. फेब्रुवारीअखेर बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या जागेवरून सोडायच्या, ताशी साठचा वेग आधी कोण गाठतं ते आधुनिक यंत्राने मोजायचं. मी हरलो तर अध्यक्षपद त्याचं.

चिरंजीवाला कळवलं. त्याने परदेशातून पार्सल पाठवलं, त्यात एक काळी डबी आणि एक मनगटी घड्याळ निघालं. व्हिडिओवर त्याने घाईघाईत सगळं समजावलं. मधेच आवाज गेला, पण वजन-मापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला यंत्र किती समजावायचं? डबी हा घड्याळाचा चार्जर दिसतो. घड्याळ तिच्यात बसत नाही, म्हणून ती कपाटात टाकली. घड्याळ मनगटावर बांधलं, माझा फोन दोरीने गाडीच्या डॅशबोर्डला बांधला. घड्याळातला आकडा फोनवर आलेख होऊन उमटतो. वहिनीचा फोन चित्रीकरणाला. थोरलीचा स्वतःचा वेगाचा काटा वडिलांच्या वेळेपासून तीसवर अडकलेला आहे हे तुला माहीतच आहे.

आणि बेबी, पहिल्याच फेरीत एकशे अठ्ठेचाळीस! लगेच टाळ्या वाजवू नकोस. गाडी गॅरेजात उभी असताना, मी शांत बसलेला असतानाही घड्याळ सत्तर दाखवतं. याला आमच्या खात्यात शून्यचूक म्हणतात. पारड्यात काही नसताना काटा जेवढा पुढे, तेवढं वजा करायचं. एकशे अठ्ठेचाळीसमधून सत्तर गेले, राहिले अठ्ठ्याहत्तर. ताशी अठ्ठ्याहत्तर, निव्वळ! वहिनी म्हणते की त्याच वेळी एक सायकलवाला आपल्याला मागे टाकून गेला. त्याचा वेग मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, त्यामुळे त्यावर मी मत देत नाही.

कळावे. लोभात काटा मारू नये ही विनंती.

तुझा दादा


ता. ११ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. गुडघ्यालाही बरं वाटलं. ताशी अठ्ठ्याहत्तरने जाणाऱ्या गाडीला सायकलवाला मागे टाकतो, म्हणजे तो सायकलवाला शोधून त्यालाच क्लबाचा अध्यक्ष करा.

थोरलीवर माझाही जीव आहे. तिच्या मागच्या सीटवर तू मला पाढे शिकवलेस. पण दादा, तिचा वेग मलाही आठवतो. शाळेत जाताना मी उतरून फुलं तोडायचे आणि पळत येऊन पुन्हा बसायचे. वडील गाडी थांबवत नसत, तशी गरजच पडत नसे.

आता तुझ्या यंत्राबद्दल. सत्तरची शून्यचूक? एखाद्या वाण्याच्या तराजूत एवढी सापडली असती तर त्याच्या दुकानाला टाळं ठोकून, वर त्याला तासभर उपदेश करून आला असतास. स्वतःच्या बाजूने चुकणारा काटा मात्र तू मांडीवर घेऊन बसला आहेस. हे घड्याळ नेमकं दाखवतं काय, ते नीट लिही. आकड्याशेजारी आणखी काही असतं का? गाडीबाहेर किती दाखवतं? मला त्यात काही तरी खटकतं आहे, पण काय ते अजून सांगता येत नाही.

दातांच्या डॉक्टरांना फार बोलू नकोस. माझी कवळी त्यांनीच बसवली आहे, आणि ती माझ्यापेक्षा कमी कुरकुर करते. वहिनींना नमस्कार. या वयात गाडीला हँडल मारणं बंद कर, हे मी बहीण म्हणून नाही, मेट्रन म्हणून सांगते.

पत्राचं उत्तर पाठव आणि माया पाठव. वजन केलं नाहीस तरी चालेल.

तुझी बेबी


ता. १८ जानेवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शंका खात्याच्या पद्धतीने घेतो. आकड्याशेजारी एक लाल बदाम आहे, पत्त्यांतला असतो तसा, आणि तो सारखा उघडझाप करतो. ही कंपनीची निशाणी. एवढं शास्त्रीय यंत्र बनवायचं आणि त्यावर असलं थिल्लर चित्र काढायचं, म्हणजे यांच्या धंद्यात गांभीर्यच उरलेलं नाही.

शून्यचूक मात्र स्थिर नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. जेवताना ऐंशी होते. जिना चढलो की एकशे वीसच्या पुढे जाते. यंत्राला उंची सोसत नाही, असा माझा निष्कर्ष आहे. परवा दातांचा डॉक्टर चहाला येऊन व्हरांड्यात बसला आणि त्याच्या गाडीची तारीफ सुरू झाली, तर दोघंही खुर्चीत असताना घड्याळ एकशे दहावर! त्याच्याजवळ धातूची हत्यारं असतात, त्यांचा परिणाम असावा. झोपेत तर आकडा चाळीसच्याही खाली उतरतो. मी घड्याळ काढून ठेवणार होतो, पण माप अखंड घ्यावं असा नियम आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. आलेखावरून कळतं की थोरलीचं इंजिन ठोके चुकवतं आहे. एकशे चाळीसवर असताना आकडा एकदम पस्तीसवर पडतो, मग पुन्हा उसळी घेतो. मेकॅनिकला बोलावलं. त्याने कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाला की साहेब, हे तर झोपलेल्या बाळासारखं चाललं आहे. मी त्याला आलेख दाखवला. तो म्हणाला की आलेख खराब आहे, इंजिन नाही. आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं! प्लग दोनदा बदलून घेतले. ठोके चुकतातच.

या पेट्रोलच्या वासाने मलाही हल्ली त्रास होतो. हँडल मारलं की दम लागतो. काल फाटक उघडताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी थोडा वेळ पायरीवर बसून राहिलो. वहिनीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ती लगेच गाडीला कुलूप लावेल. नवीन पेट्रोल आणलं की बरं वाटेल.

तुझी थट्टा पोचली. लोभ पूर्ण मापाने द्यावा, वर चिमूटभर द्यावा.

तुझा दादा


ता. २३ जानेवारी

प्रिय वन्संना सप्रेम नमस्कार. वि. वि.

आधी हेच लिहिते की हे सुखरूप आहेत. तुम्ही परवा संध्याकाळी रेल्वेत बसलात, तेव्हा वाटेत तुम्हाला काय काय वाटत असेल याची कल्पना येते. इस्पितळात तुम्ही येऊन माझा हात धरलात तेव्हा आभार मानायचे राहिले, आणि आज सकाळी तुम्ही परत गेलात तेव्हाही राहून गेलं, म्हणून लिहायला बसले.

आमचे दोन्ही फोन गाडीत दोरीला लटकलेले, तुमचे फोनवर फोन येत होते आणि हे म्हणत होते की मोजणी चालू असताना व्यत्यय नको. मला तर कोण फोन करतंय तेही कळत नव्हतं. मग तुम्ही कवळीच्या कार्डावरचा नंबर काढून दातांच्या डॉक्टरांना लावलात. कवळीचे इतके उपकार होतील असं कुणाला वाटलं असतं! डॉक्टर त्या वेळी आपल्या जुन्या गाडीतून सरावाला निघाले होते. तसेच फाटकात आले. हँडल मारता मारता हे गाडीला टेकून खाली बसले होते, तोंड पांढरंफटक. तरीही त्या गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या गाडीचा वेग तुम्हाला स्वतः मोजायची ही एकच संधी आहे. तेव्हा चढले.

वन्सं, तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. हे माझ्या खांद्यावर मान टाकून घड्याळ बघत होते. मला म्हणाले की बघ, याची गाडी एकेचाळीसच्या वर जात नाही. पुढे म्हणाले की आता अडतीस. ऐकून डॉक्टर गाडी आणखी दामटत होते आणि यांचा आकडा आणखी उतरत होता. चौतीसवर आल्यावर हे समाधानाने हसले आणि म्हणाले की हा हरला. त्यानंतर यांची शुद्ध हरपली. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी आरशात पाहिलं. तुम्ही फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, फक्त त्यांचं रडणं बघून मी यांचा हात घट्ट धरला.

काल छातीत ते छोटं यंत्र, पेसमेकर म्हणतात ते, बसवलं. शुद्धीवर येताच यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं की यावर खात्याचा शिक्का आहे का. त्या म्हणाल्या की नाही. तर हे म्हणाले की मग तुम्ही बिनशिक्क्याचं माप वापरता, नोटीस काढावी लागेल. तेव्हा मी समजले की माणूस परत आला.

घड्याळाचं मी अजून सांगितलेलं नाही. ते काम तुमचंच.

माझ्यावर आहे ती माया आता दुप्पट झाली तरी मी नाही म्हणणार नाही.

तुमची वहिनी


ता. २७ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पडून वाच. त्या घड्याळाने थोरलीचा वेग एकदाही मोजला नाही. तो लाल बदाम म्हणजे तुझं काळीज, आणि आकडे त्याच्या ठोक्यांचे. जे इंजिन ठोके चुकवत होतं, ते तुझ्या सदऱ्याच्या आत होतं. मेकॅनिकची माफी माग.

वेग मोजायचं खरं यंत्र ती काळी डबी आहे. काचेला चिकटवायची असते. चिरंजीवांनी घड्याळ वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलं होतं, सोबत प्रकृती जपा असं सांगितलं होतं. आवाज गेला तो नेमका तिथेच.

आयुष्यभर लोकांची मापं तपासलीस आणि स्वतःला सत्तरची शून्यचूक म्हणून वजा करत राहिलास! मला राग आला आहे आणि तो इतक्यात जायचा नाही. तुझं पत्र हातात घेऊन मी इथे एकटी उभी होते आणि पलीकडे कुणी फोन उचलत नव्हतं. मला एकच भाऊ आहे, दादा.

लोभ तुझ्याकडेच जमा आहे. सांभाळ.

बेबी


ता. १ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र रोज वाचतो. औषध जेवणानंतर, पत्र जेवणाआधी. मेकॅनिकची माफी मागितली. त्याने मोठेपणाने एक प्लग परत घेतला.

काल चाचणी झाली. डबी नीट तपासून, दोघांच्या सह्यांचा कागद चिकटवून, आधी डॉक्टरच्या गाडीच्या काचेला लावली, मग आपल्या. मला अजून स्टिअरिंग हातात घ्यायची परवानगी नाही, म्हणून थोरली वहिनीने चालवली आणि मी शेजारी बसलो. हँडल कुणी मारलं असेल? दातांच्या डॉक्टरने! कोट काढून, बाह्या सारून. प्रतिस्पर्ध्याची गाडी सुरू करून देणारा असा खुळा माणूस मी पाहिलेला नाही.

निकाल असा. साठचा वेग दोन्ही गाड्यांनी गाठला नाही. रस्ता संपला तेव्हा त्याची एकावन्नवर होती, आपली सत्तेचाळीसवर. दोघंही इतकी वर्षं सभेत ताशी शंभरच्या गप्पा मारत आलो, म्हणजे क्लबातला सगळ्यात मोठा काटामारू कोण याचा निकाल बरोबरीत लागला. अध्यक्षपद मी त्याला देऊन टाकलं. पहिल्याच भाषणात त्याने थोरलीची स्तुती केली. त्यातही त्याने माप जरा जास्तच दिलं, मी हरकत घेतली नाही.

घड्याळ आता रोज घालतो. छातीतलं यंत्र मला सत्तरच्या खाली उतरू देत नाही. बिछान्यात, खुर्चीत, कुठेही पाहा, सत्तर कायम. म्हणजे शून्यचूक आता पक्की झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर सहीशिक्का देऊन ती मान्यही केली.

पण काल वहिनीने गिअर टाकला, थोरली खडखडली, वडील असताना यायचा तोच तेलाचा वास आला, आणि ती जागेवरून हलली. मी मनगटाकडे पाहिलं. शहाण्णव. खात्याच्या नियमाप्रमाणे सत्तर यंत्राचे म्हणून वजा केले.

बेबी, सव्वीस उरले. ते माझे आहेत. त्यांतले निम्मे तुझे.

तुझा दादा