शिंप्याचा तुकडा

प्रिय धाकट्या,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. आनंदाच्या भरात घाईघाईने लिहितेय! तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

परवा शेजारीणबाईंबरोबर तुरुंगाच्या शेतावर गेले होते. हो, त्याच. तिथे भाजी बाजारापेक्षा स्वस्त मिळते, आणि स्वस्त म्हटलं की माझे पाय आपोआप वळतात, ठाऊकच आहे तुला. एका जुन्या कोठारात शेताचा इतिहास मांडलाय. कैद्यांनी माळावरचे दगड वेचून बांध घातले, विहीर खणली, त्याचे फोटो. एक निवृत्त जेलरसाहेब स्वतः फिरून दाखवत होते. बिनभिंतीचा तुरुंग, म्हणाले. संध्याकाळी प्रत्येक कैदी आपणहून येऊन हजेरी देई.

मग बाहेर नेऊन लिंबोणीची एक दाट, काटेरी रांग दाखवली. हा शिंप्याचा तुकडा, म्हणाले. शहरातून आलेला एक शिंपी कैदी. त्याने रोपं वीत-वीत अंतरावर लावून ठेवली. मुकादम ओरडला, "अरे, बाग लावतोस की टीप घालतोस?" उपटायलाच निघाला होता, पण रोपांनी जीव धरलेला पाहून साहेबांनी राहू दिली. पुढे त्याचं असं कुंपण झालं की भाजीत गुरं शिरायची बंद! धाकट्या, ज्या तुरुंगाला भिंत नव्हती, त्याला कुंपण घातलं आपल्या बाबांनी!

मला राहवलंच नाही. सगळ्यांसमोर ओरडले, तो शिंपी माझा बाप! आणि लगेच जीभ चावली. इतकी वर्षं आपण सांगत आलो ना, बाबा परदेशी नोकरीला होते म्हणून. शेजारीणबाई आ वासून बघत राहिल्या. मला वाटलं, आता संबंध तुटला. तर म्हणतात कशा, "अहो, मग माझे पडदे कधी शिवून देणार तुमचे परदेशी बाबा?" हसून हसून भाजीची पिशवी सांडली माझी!

साहेब त्या शेतावर पुस्तक लिहितायत. काल घरी आले. बाबांनी सगळं सांगितलं, मारामारीत त्यांच्या हातून गेलेल्या माणसाचंसुद्धा. काही झाकलं नाही. साहेबांना त्यांचं नाव आणि फोटो छापायचाय. ते ऐकून बाबा म्हणाले, धाकट्याला विचारा. त्याला सासुरवाडीत मान खाली घालावी लागणार असेल तर नुसतं 'एक शिंपी' लिहा. बाबा स्वतः तुला विचारायचे नाहीत. नाही म्हणणं तुझ्या जिवावर येईल, म्हणून. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'बघू' म्हणतोस, आणि तुझं बघू मला पाठ आहे. देवापुढे हात पसरायची मला कधी लाज वाटली नाही, पण हे मागणं त्याच्या हातातलं नाही. तुझ्याकडेच मागते. बाबांचं नाव छापू दे.

तुझीच, उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई