कुलपं उघडीच

रवि. ११ जानेवारी
लेक सारिका सातव्यातच माहेरी आली, आता दिवस भरले. जावईबापू फौजेत, तिकडं बर्फात. रजा न्हाई. म्हणून त्यांनी माधवनगरची एक पोरगी ठरवली, सुजाता. डौला म्हणत्यात. सुईण न्हवं, नर्स न्हवं. बाळंतपण करत न्हाई, बाळंतिणीची सोबत करती. मी फोनवर म्हटलं, "सोबतच ना? मग मी काय मेले व्हय?" तर म्हणाले, "आई, तुमी रडाल." खरं हाय म्हणा. पर राग आलाच.
पोरगी स्कुटीवर आली. चहा दोनदा घेतला. सारिकाची कंबर चोळली, दोघी खिदळत बसल्या. माझ्यापाशी एवढी हसत न्हाई सारिका.

मंगळ. १३, भोगी
सकाळीच कळा. भोगीची भाजी चुलीवर तशीच टाकून कडेगावातनं सांगलीला. सुजाता दवाखान्याच्या दारात उभी. कळ आली की सारिका तिच्या गळ्यात पडायची, दोघी झुलायच्या. "खांदे सोड, सोड, आता सोड..."
दुपारी आडलं. मी घरी ह्यांना फोन लावला, सगळी कुलपं काढा. कपाट, पेट्या, पिठाचा डबासुदीक उघडा ठेवा. अडलेली मोकळी हुती, आमच्यात करत्यात तसं. सुजाता हसंल वाटलं. तर म्हणती कशी, "मावशी, वेणी राहिली की." आन् सारिकाची वेणी सोडली तिनं.
ह्यांनी गाईचं दावंबी सोडलं! गाय शेजाऱ्याच्या उसात. त्याचं बोंबलणं फोनातनं सगळ्यांना ऐकू, "आवं तात्या, बाळंत लेक हुतीया का गाय?" सारिका कळांत हसली.
नात झाली! एवढीशी. नाक माझं, हुबेहूब. पेढं सांगाय निघाले तर आतनं पळापळ. सारिकाचं रगत थांबंना. सुजातालाबी बाहेर काढलं. मनगटावर तिच्या सारिकाच्या नखांचे वळ. जिन्यावर माझ्याशेजारी बसली. तीबी रडली. मग मी न्हाई रडले.

बुध. १४, संक्रांत
सारिकाची पिशवी काढली. आयसीयूत हाय, अंगाला नळ्या. डोळं उघडत न्हाई. एक बाई तिळगूळ वाटत आली, मी तोंड फिरवलं. तिचं काय चुकलं...
जावईबापूंना रजा मिळाली तर रस्ता बर्फानं बंद.

शुक्र. १६
नातीचं वजन लय कमी, अंग गार पडतंय. नर्स म्हणाली, उघड्या छातीला लावून धरा, आई न्हाई तर आजीनं. एवढ्या माणसांत चोळी सोडायची मी? सुजातानं माझा पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. "लाजू नका मावशी, मी भिंत हाय."
धरली. ओल्या मेथीच्या जुडीसारखी गार. मग हळूहळू ऊब आली, नाक घासाय लागली. मला हसूच आलं. लेक आत तशी पडलेली आन् मी हसतीया.
भेटायच्या वेळेला सुजाता आत जाऊन सारिकाच्या कानात सांगून आली, "आईनं चोळी सोडली बघ तुझ्या पोरीसाठी." ऐकलं का कुणास ठाऊक.

रवि. १८
पाचवी पुजली न्हाई. बाळंतीणच न्हाई पाटावर, कुणाची पुजायची?
सारिकाचं बोट हाललं म्हणं सकाळी. डॉक्टर म्हणाले, बघू. लय वेळा विचारलं, तेवढंच म्हणत्यात.
सुजाताचं ठरलेलं काम संपलं. तरी आली. पदर धरून उभी हाय, नात छातीला, मी एका हातानं लिहितीया. नातीनं आज दोनदा जांभई दिली. किती गोड, कुणाला सांगू!
ह्यांचा फोन आला. "पोरगी झाली, आता कुलपं लावू का? चोराला आवतनच हाय हे."
मी म्हटलं, "नको. एक मोकळी झाली. एक अजून आत हाय."
किल्ल्या परत खुंटीला अडकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. गाय तेवढी बांधतो."