उखळ धुणार नाही

उदयसिंह,

तुझ्या ऋतुजाच्या साखरपुड्यात तू व्याह्यांच्या कानाशी लागून म्हणालास, "चटणी लई चांगली हाय, पण आमचा जोतीराम उखळ कधी धूत न्हाय बघा." मी तीन पानं सोडून बसलो होतो. माझे कान तुला शाळेपासून ठाऊक आहेत की! व्याह्यांनी चटणी पानाच्या कडेला सारली, तेही पाहिलं.

आता लग्नाला माझीच दहा किलो शेंगाचटणी हवी, आणि वर निरोप, "या खेपेला उखळ साबणानं धू."

लेका, मी धुणार नाही. दगड पाणी पितो, आणि ओल लागलेली चटणी चार दिवसांत खवट होते. म्हणून मी उखळात जाडं मीठ कुटतो आणि कोरड्या फडक्यानं पुसून घेतो. एमआयडीसीतली हमाली सोडून वीस वर्षांत याच उखळावर घर उभं केलं. मागं एकदा तुझं ऐकून धुतलं, तर सगळी चटणी उकिरड्यावर गेली. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुझ्या ओट्यावरच्या ओल्या फडक्यानं ताटंही पुसतात आणि हातही, तेही मी कधी चारचौघांत काढलं नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या तुझ्या दारात येऊन हेच बोलतो. ही चटणी तू स्वतःच्या हातानं व्याह्यांच्या पानात वाढणार असशील, तर ऋतुजाचा काका म्हणून हळदीपासून राबेन. नाहीतर माझी पत्रिका परत घे.

तुझा, निदान आजपर्यंत तरी,
जोतीराम